खड्डे ‘पडतात’ म्हणजे काय?

पदवीच्या वर्गाला व्याकरण शिकवताना आम्ही पाठ्यपुस्तकातील उदाहरणे शक्यतो टाळतो. ‘राम आंबा खातो’ या वाक्यातला राम आणि त्याचा आंबा, दोघेही एव्हाना थकले असावेत. त्याऐवजी विद्यार्थ्यांनी त्या दिवशी घरातून निघाल्यापासून जे पाहिले त्यावर एक वाक्य सांगावे आणि त्यातील कर्ता, कर्म, प्रयोग ओळखावा, असा आमचा शिरस्ता आहे. सोलापुरात या शिरस्त्याचे फळ ठरलेले असते. विद्यार्थी बाळीवेशीकडून आलेला असो, जुळे सोलापुरातून असो की अक्कलकोट रस्त्याकडून, दर तासाला चार-दोन वाक्ये तरी रस्त्यावरची निघतातच.

अशाच एका तासाला एका विद्यार्थ्याने वाक्य दिले : ‘आमच्या रस्त्यात खड्डे पडले आहेत.’ कर्ता कोण, असे आम्ही विचारले. ‘खड्डे’, तो म्हणाला. उत्तर अचूक होते. ‘पडणे’ हे अकर्मक क्रियापद, पडण्याची क्रिया करणारे ते खड्डे, क्रियापद त्यांच्याच लिंगवचनाप्रमाणे चालणारे, तेव्हा प्रयोग कर्तरी. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) उघडून बसले तरी या उत्तरात खोट काढता येणार नाही. एवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, ‘पण सर, खड्डे आपले आपण कसे पडतील?’ वर्ग हसला, आम्हीही हसलो. व्याकरणातला कर्ता निराळा आणि व्यवहारातला निराळा, असे सांगून आम्ही पुढच्या वाक्याकडे वळलो. ते उत्तर म्हणजे पळवाट होती, हे कबूल करण्यासाठी हा लेख आहे.

मराठीत काय काय पडते, याची यादी करून पाहावी. पाऊस पडतो, गारा पडतात, दव पडते, थंडी पडते, ऊन पडते, अंधार पडतो, वीज पडते. ही सगळी निसर्गाची कामे. त्यांच्याविषयी तक्रार करता येते, पण ती ऐकून घेणारे कार्यालय कोठेही नसते. खड्डा या यादीत जाऊन बसला, की तोही ऋतुमानाचा भाग होतो. मृगाबरोबर येतो, दिवाळीपर्यंत राहतो, त्याच्याशी जमवून घ्यायचे असते. आमच्या पूर्वजांनी संकटांची फार शहाणपणाची वाटणी करून ठेवली होती : काही अस्मानी, काही सुलतानी. आभाळातून येणाऱ्या संकटाला हात जोडायचे, राज्यकर्त्यांकडून येणाऱ्या संकटाचा जाब विचारायचा किंवा निदान त्याला नाव ठेवायचे. खड्डा ही निखळ सुलतानी गोष्ट. आमच्या रोजच्या बोलण्याने ती अस्मानीच्या खात्यात कधी जमा झाली, हे आम्हांलाही कळले नाही.

येथे कुणी म्हणेल की दोष मराठीचा आहे. तसे नाही. सोलापूर हे चार भाषांचे गाव आहे. विणकर वस्तीत तेलुगू चालते, बाजारात आणि वाड्यांत कन्नड चालते, पेठांतून दखनी उर्दू चालते आणि मराठी सर्वत्र चालते. आश्चर्य असे की खड्ड्याच्या बाबतीत या चारही भाषा एकमताच्या आहेत. कन्नडमध्ये ‘बीळु’, तेलुगूत ‘पडु’, दखनीत ‘पडना’. खड्डा जिकडेतिकडे पडतोच. म्हणजे येथे कुणा एका भाषेच्या स्वभावाचा प्रश्न नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला खड्डा तयार होताना दिसत नाही, तो झालेलाच दिसतो. जे होताना दिसले नाही त्याला तो ‘पडले’ म्हणतो. इथवर क्षम्य आहे. प्रश्न पुढचा आहे : ज्यांना खड्डा होताना दिसतो, दिसायला हवा, तेही हेच क्रियापद वापरू लागतात तेव्हा काय होते?

खड्डा होतो कसा, हे एकदा पाहणे म्हणून आवश्यक आहे. सोलापूर परिसरातील काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. अशा जमिनीवर रस्ता करायचा तर खालची काळी माती पुरेशी काढून मुरूम आणि खडीचे थर द्यावे लागतात, प्रत्येक थर पाणी मारून दाबावा लागतो, रस्त्याचा मध्य किंचित उंच ठेवून पाणी दोन्ही कडांना उतरवावे लागते आणि त्या कडांना ते वाहून नेणारे गटार असावे लागते. डांबराचा खरा वैरी पाणी. ते साचून राहिले की डांबर आणि खडी यांची पकड सुटते, वरून चाके जातात, खडी उखडते आणि दुसऱ्या दिवशी तेथे खड्डा ‘पडलेला’ असतो. यात गूढ काही नाही. ही माहिती रस्ता करणाऱ्या प्रत्येकाला असते.

यावर पावसाचे कारण सांगितले जाते. कोकणाने हे कारण सांगितले तर ऐकून तरी घ्यावे. तेथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. सोलापूर जिल्ह्याची ओळख अवर्षणप्रवण अशी आहे. पाऊस आला नाही म्हणून जो जिल्हा आभाळाकडे पाहतो, त्याच जिल्ह्याने पाऊस आला म्हणून रस्ते गेले असे म्हणावे, हा विनोद थोडा कडूच आहे. ‘दुष्काळ पडला’ हेही पडण्याचेच वाक्य. आणि १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त भागातल्या बायामाणसांनी उन्हात बसून खडी फोडली, रस्त्यांची कामे केली. त्या पिढीने अस्मानी संकटातून रस्ते उभे केले. आम्ही उभ्या रस्त्यांचे अस्मानी संकट करून दाखवले.

दुसरे कारण खोदाईचे. सोलापूरला प्यायचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरच्या उजनी धरणातून येते आणि घरोघर ते काही दिवसांआडच पोहोचते, हे येथे वर्षानुवर्षे सगळे अनुभवत आले आहेत. तेव्हा जलवाहिनी टाकण्याला कुणाचाच विरोध असणार नाही. १९९२ साली हद्दवाढ झाली, आसपासची गावे शहरात आली आणि महापालिकेचे क्षेत्र पाचपटीहून अधिक वाढून सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. त्या नव्या भागांत पाणी, ड्रेनेज, दिवे, रस्ते हे सारे एकेक करून यायचे होते, अजूनही येते आहे. मात्र ते ज्या क्रमाने यायला हवे त्या क्रमाने येत नाही. आधी डांबर पडते, मग ड्रेनेजसाठी चर खणला जातो, तो बुजवल्यावर जलवाहिनी आठवते, तिच्यानंतर केबलवाले येतात. चर बुजवताना थराथराने माती दाबायची असते. पूर्वी धुम्मस करीत, आता यंत्रे आहेत. प्रत्यक्षात निघालेली मातीच वर लोटली जाते. पहिल्या पावसात ती बसते आणि रस्त्याला आडवी एक नाली तयार होते. उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात राडा, असे आमच्या रस्त्यांचे दोनच ऋतू आहेत.

आता या साऱ्यात कर्ते किती आहेत ते मोजावे. अंदाजपत्रक करणारा, ते मंजूर करणारा, ठेका घेणारा, थर न दाबणारा, दाबल्याचे मोजमाप पुस्तकात लिहिणारा, बिल काढणारा, चर खोदण्यास परवानगी देणारा, बुजवल्याची खात्री न करणारा. आठ तर सहज झाले. एवढे कर्ते असताना वाक्यात मात्र कर्ता एकच : खड्डे.

गंमत अशी की रस्ता होतो तेव्हा भाषा अशी गप्प नसते. कोपऱ्यावर फलक लागतो. ‘अमुक यांच्या विशेष प्रयत्नांतून’, ‘तमुक यांच्या निधीतून’, ‘शुभहस्ते’. नाव ठळक, सोबत छायाचित्र, नारळ फोडतानाचे दुसरे छायाचित्र. इतका स्पष्ट कर्ता मराठी वाक्यात क्वचितच आढळेल. तोच रस्ता दीड वर्षाने उखडला की वाक्याची जात पालटते. ‘रस्ता नादुरुस्त झाला आहे’, ‘दुरुस्तीचे काम प्रस्तावित आहे’, ‘निविदा प्रक्रिया राबविण्यात येत आहे’, ‘नागरिकांनी सहकार्य करावे’. पहिल्या तीन वाक्यांत माणूस नाही. चौथ्यात आहे, पण तो नागरिक आहे आणि त्यालाच काम लावलेले आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण स्पर्धा परीक्षा देऊन उद्या हीच टिपणे लिहिणार आहेत. त्यांना ‘येत आहे’ आणि ‘आम्ही करीत आहोत’ यांतला फरक कळावा, यासाठी तरी व्याकरणाचा तास हवा.

२०१६ च्या जानेवारीत देशातील पहिल्या वीस स्मार्ट सिटींची यादी जाहीर झाली, त्यात सोलापूर होते. त्या दिवशीचा उत्साह आम्हांला आठवतो. योजनेतला बराचसा पैसा, अन्य शहरांप्रमाणे, निवडक क्षेत्राच्या विकासासाठी होता. काही रस्ते त्यातून चांगले झाले, हे नाकारू नये. मार्च २०२५ मध्ये ती योजना संपली. दरम्यान मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासकीय राजवट आली आणि पुढच्या निवडणुकीला जवळजवळ चार वर्षे लागली. त्या काळात प्रभागातल्या माणसाला आपला खड्डा घेऊन ज्याच्या दारात जावे असा निवडून दिलेला कुणी नव्हता. कर्ता व्याकरणातून तर गेला होताच, तो दारातूनही गेला.

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. वृत्तपत्रांत अधूनमधून येणारी एक ओळ वाचकांच्या परिचयाची असेल : ‘खड्डा चुकविण्याच्या नादात दुचाकीस्वार ठार.’ यातला ‘नाद’ पाहावा. पतंगाचा नाद असतो, पत्त्यांचा नाद असतो, नको त्या गोष्टीचा नाद असतो. जीव वाचवण्यासाठी हँडल वळवणाऱ्या माणसाला आम्ही त्या रांगेत बसवतो. ही ओळ लिहिणाऱ्या वार्ताहराच्या मनात वाईट काही नसते. ती ओळ तयार मिळते, तो ती उचलतो. ‘रस्त्यांची चाळण’, ‘खड्ड्यांचे साम्राज्य’, ‘रस्त्यात खड्डे की खड्ड्यात रस्ता’ हेही असेच तयार माल. पहिल्यांदा लिहिले गेले तेव्हा यांत राग असेल. आता ते वाचून कुणालाच काही वाटत नाही.

आणि पोलिसांच्या नोंदीत तर कर्ता चक्क सापडतो. वाहन एकच, पडणारा एकच, समोरून धडकणारे कुणी नाही. अशा वेळी ‘हयगयीने वाहन चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत ठरल्याप्रकरणी’ मृतावरच गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. आठ जिवंत माणसांपैकी एकही ज्या वाक्याला कर्ता म्हणून लाभला नाही, त्याला शेवटी मेलेला माणूस लाभतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१७ मध्ये देशात खड्ड्यांमुळे ३,५९७ माणसे मरण पावली, २०२२ मध्ये १,८५६. आकडा उतरला ही समाधानाची बाब खरी. परंतु नोंद करणाऱ्याने कारणाच्या रकान्यात ‘खड्डा’ लिहिले तरच तो मृत्यू या आकड्यात येतो. ‘चालकाची चूक’ असे लिहिले की तो दुसऱ्या रकान्यात जातो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एक मुलगी उजवा हात प्लॅस्टरमध्ये घालून आली. आई विड्या वळते, मुलगी सकाळी सहाला आईच्या विड्यांचे ओझे स्कूटीवर पोहोचवून मग महाविद्यालयात येते. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेले. परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि लिहिण्याचा हात तोच. आम्ही हळहळलो, तेव्हा तीच आमची समजूत काढू लागली : ‘माझंच चुकलं की सर. तिथं खड्डा आहे माहीत होतं की मला. किती वर्षं झाली, तिथंच आहे की तो.’ तिने लेखनिक घेऊन परीक्षा दिली, उत्तीर्णही झाली. पण तिचे ते वाक्य आम्हांला अजून सोडत नाही. खड्ड्याला तिने रस्त्याइतकेच कायमचे मानले होते आणि चुकीला आपले मानले होते. पोलिसांच्या नोंदीतील वाक्य ती स्वतःच, कुणी न सांगता, बोलत होती.

येथे दोन आक्षेप घेता येतील आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की कर्त्यांच्या यादीत आम्ही नागरिकही आहोत. लग्नाच्या आणि उत्सवाच्या मांडवासाठी रस्त्यात पहारीने भोके आम्हीच पाडतो, नळजोडासाठी रात्रीतून रस्ता आम्हीच फोडतो, गटारावर ओटा बांधून पाण्याची वाट आम्हीच अडवतो. हे खरे आहे आणि ‘आम्ही’ म्हणून लिहिणाऱ्याने ते आधी लिहिले पाहिजे. दुसरा आक्षेप असा की क्रियापद बदलून खड्डा बुजत नाही. तेही खरे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला सगळे प्रश्न भाषेचे वाटतात, हा आमच्या धंद्याचा रोग आहे. पण जबाबदारी ठरवण्याचे साधन शेवटी वाक्यच असते; तक्रार, नोंद, ठराव, निकाल ही सारी वाक्येच. त्यांत कर्त्याची जागा मोकळी असेल तर खडी आणि डांबर कितीही आले तरी ते कुणाच्या नावावर पडायचे?

सोलापूरला या बाबतीत बाहेरून आदर्श आणण्याचे कारण नाही. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर हे या गावाचे ग्रामदैवत, कन्नड वचनकार आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे आज ज्या तलावात त्यांचे मंदिर आहे तो तलाव खणवून घेणारे कर्मयोगी. लोकांसाठी खणणे हीच त्यांची साधना. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथाच्या परंपरेत अल्लमप्रभू सोलापुरात येतात आणि सिद्धरामांना ‘वड्ड’ म्हणून हिणवतात. वड्ड म्हणजे माती-दगडाचे काम करणारा. आपल्याकडचा वडार तोच. अल्लमांचा रोख असा की हा मातीत गुंतला, मुक्तीचे काय? तत्त्वज्ञानाच्या अंगाने त्या वादाची चर्चा पुष्कळ झाली आहे. आमच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट साधी आहे. तलाव कुणी खणवला, हे आठ शतकांनंतरही या गावातल्या लहान मुलाला सांगता येते. आपल्या दारासमोरचा चर गेल्या वर्षी कुणी खणला, हे त्याच्या बापाला सांगता येत नाही.

त्याच सिद्धेश्वरांच्या यात्रेत दर जानेवारीला सात नंदीध्वज निघतात. उंच, जड काठी एका माणसाने तोलून चालायचे असते. पाय खड्ड्यात गेला तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून यात्रा जवळ आली की मिरवणुकीच्या मार्गाची डागडुजी करा, ही मागणी होते, धावपळ होते, पॅचवर्क होते. ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या माणसांसमोर जाब द्यायचा असला की काम होते. उरलेल्या वर्षभरात त्याच रस्त्याने विड्यांचे ओझे घेऊन जाणारी मुलगी कुणी मिरवणूक नसते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले की सुस्थितीतील रस्ते हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि ती रक्कम दोषी अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करण्याचा आदेश दिला. आमच्या मते या आदेशातले महत्त्व रकमेत नाही; ‘दोषी’ कोण ते शोधा, असे त्यात म्हटले आहे यात आहे. पण शोधायचे तर खूण हवी. प्रत्येक रस्त्यावर उद्घाटनाचा फलक लागतो, त्याच खांबावर ठेकेदाराचे नाव, देखरेख करणाऱ्या अभियंत्याचे नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख, एवढे चार तपशील तो कालावधी संपेपर्यंत राहू द्यावेत. चर खणणाऱ्याचे नाव चराशेजारी असावे. यासाठी नवा निधी लागत नाही, रंगाचा एक डबा लागतो.

राहिला आमचा तास. या वर्षी ते वाक्य पुन्हा आले. कर्ता कोण, असे विचारल्यावर ‘खड्डे’ हे उत्तरही आले आणि आम्ही ते बरोबर म्हणून मान्य केले. मग फळ्यावर ‘पडले’ लिहून ‘प’ला फक्त एक काना दिला : ‘पाडले’. प्रयोजक क्रियापद. ‘आमच्या रस्त्यात खड्डे पाडले आहेत.’ आता कर्ता सांगा, असे म्हटल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याच मुलीने, प्लॅस्टर निघालेला हात वर करून, विचारले, ‘सर, कुणी?’

आम्ही तो प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगितला.